अर्थ असल्याशिवाय हात लावू नये

त्या खोलीतल्या टेबलावर एक कागद चिकटवलेला होता. जाड निळ्या अक्षरात लिहिलं होतं, 'अर्थ असल्याशिवाय हात लावू नये.' मी चौथी शिकलेली आहे, वाचता येतं. मी ते वाचलं आणि दोन महिने त्या टेबलाला हात लावला नाही. बाकी खोली झाडत होते, फरशी पुसत होते, खिडकीच्या गजांवरची धूळ काढत होते. टेबलावर जे होतं त्याचा अर्थ मला माहीत नव्हता, आणि अर्थ माहीत नसलेल्या माणसाने हात लावू नये हे मला पटण्यासारखं होतं. आयुष्यभर हेच ऐकत आले होते, फक्त इतक्या नीट अक्षरात कोणी लिहून लावलं नव्हतं.

चंद्रपूरच्या एका कॉलेजात मी परिचर आहे. अकरा महिन्यांची ऑर्डर निघते, ती संपली की पुन्हा निघते. झाडणं, पुसणं, चहा आणणं, कागद या टेबलावरून त्या टेबलावर नेणं. भौतिकशास्त्राच्या मजल्यावर टोकाला ती खोली. आमच्याकडे धूळ म्हणजे कोळशाची. सकाळी पुसलेलं दुपारी काळं होतं. दोन महिन्यांत टेबल असं झालं की एक दिवस त्या खोलीच्या प्रमुख सरांनी त्यावरून बोट फिरवलं आणि ते बोट माझ्या पदराला पुसलं. खोलीत तीन-चार संशोधन करणारी पोरं होती, ती हसली.

एक मुलगी हसली नाही. ती एटापल्लीकडच्या जंगलातल्या गावातून आली होती आणि सरांच्या हाताखाली पीएचडी करत होती. बाकीची पोरं तिला 'वनविभाग' म्हणायची. सगळे गेल्यावर तिने विचारलं, "बाई, टेबल काऊन नाई पुसत तुम्ही?"

मी कागदाकडे बोट दाखवलं.

तिने कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कागद वाचला आणि हसता हसता स्टुलावर बसली. तो कागद तिनेच लिहिला होता. "बाई, हा तो अर्थ नाई. हा अर्थिंगचा अर्थ हाय. जमिनीचा." ड्रॉवरमधून तिने एक काळा पट्टा काढला, माझ्या मनगटाला बांधला आणि त्याची तार भिंतीवरच्या तांब्याच्या पट्टीला अडकवली. माणसाच्या अंगात चालता-बोलता वीज साठते, म्हणाली. आपल्याला कळतही नाही. पण टेबलावर जे आहे ते इतकं बारीक आहे की तेवढ्या विजेने जळून जातं. पट्टा बांधला की वीज जमिनीत उतरते. "आता तुमच्यापाशी अर्थ हाय," ती म्हणाली. "लावा हात."

त्या दिवसापासून टेबल मी पुसू लागले, आणि टेबलावर काय आहे ते ती मला सांगू लागली. मी विचारलं नव्हतं. मला कोणाला काही विचारता येत नाही, लहानपणापासूनच नाही. दुकानात गेले तर गिऱ्हाइकं संपेपर्यंत उभी राहते. तिलाच कोणाला तरी सांगायचं होतं आणि मी रोज समोर होते. बाकीच्यांना सांगितलं तर ते चुका काढायचे.

नखाएवढा एक चकचकीत काळा तुकडा होता. त्याला ती चिप म्हणायची. त्यावर सोन्याच्या केसासारख्या रेघा. त्या रेघांच्या मध्ये कोबाल्ट नावाच्या धातूच्या दोन बारीक पट्ट्या, एक जाड, एक बारीक, आणि दोन्ही पट्ट्यांवर आडवी पडलेली एक नळी. नळी कार्बनची. कार्बन म्हणजे काजळीत असतो, कोळशात असतो, तोच. पण ही नळी डोळ्यांना दिसत नाही. केसाचे उभे हजारो फाटे केले तरी एक फाटा तिच्यापेक्षा जाड निघेल. अशा सहा जोडण्या त्या चिपवर होत्या. चिप बाहेरगावच्या मोठ्या प्रयोगशाळेत बनवून आणली होती. वर्षभर वाट पाहिल्यावर आली होती.

कोबाल्ट लोखंडाचा भाऊ आहे, म्हणाली, त्यालाही चुंबक करता येतं. आणि हसून म्हणाली, "आमच्याकडच्या खाणीतलं लोखंड ट्रकाच्या ट्रक भरून जाते. सायंसले एवढीशी पट्टी पुरते."

विजेचे जे कण असतात, इलेक्ट्रॉन, त्यांना दोन तोंडं असतात असं समजा, म्हणाली. म्हणजे एकाचं तोंड वर, एकाचं खाली. पुस्तकात त्याला फिरणं म्हणतात, पण खरं ते फिरत नाहीत. नुसतं नाव पडलं आहे. पहिली पट्टी चुंबक आहे, ती एकाच बाजूला तोंड असलेले कण जास्त पाठवते. मग ते नळीत शिरतात. नळीत त्यांना कोणी छेडत नाही, कारण कार्बन ना अध्यात ना मध्यात. तांब्यात, सोन्यात गेले असते तर वाटेत धक्काबुक्की होऊन तोंडं फिरली असती. नळीतून ते जसे आले तसे पलीकडे पोचतात. तिथे दुसरी पट्टी. तिचंही तोंड त्याच बाजूला असेल तर ती त्यांना आत घेते. उलट असेल तर दारातच अडवते.

"म्हणजे दारात तोंड पाहून आत घेतात," मी म्हटलं.

"हो."

"हे तर मले पहिलेपासून माहीत हाय."

तिने वही पुढे ओढली. म्हणाली, माझं हे वाक्य ती लिहून घेते, मला नको असेल तर नाही लिहिणार. मला हसू आलं. माझं बोलणं कोणी लिहून घ्यावं असं कधी झालं नव्हतं.

तिला एक पायरी हवी होती. टेबलाच्या दोन बाजूंना तांब्याच्या तारेच्या दोन मोठ्या गुंडाळ्या होत्या, त्यांत वीज सोडली की मध्ये चुंबक तयार व्हायचं. ते हळूहळू वाढवत न्यायचं. जाड पट्टी आधी तोंड फिरवते, बारीक पट्टी जरा हट्टी, ती नंतर फिरवते. मधल्या वेळात दोघींची तोंडं उलट असतात. तेवढ्या वेळापुरता नळीतला अडथळा वाढतो. कॉम्प्युटरवर सरळ चाललेली रेघ एकदम वर चढते, थोडी चालते आणि परत उतरते. ती पायरी. उलट बाजूने चुंबक फिरवलं की पुन्हा तशीच पायरी आली पाहिजे. पायरी आली म्हणजे कण नळीतून आपलं तोंड सांभाळून गेले हे सिद्ध. प्रबंध त्याच एका पायरीवर उभा होता.

पायरी फक्त थंडीत दिसायची, आणि थंडी म्हणजे आपली थंडी नाही. चिप एका नळकांड्यात ठेवून ते द्रव नायट्रोजनमध्ये बुडवायचं. नायट्रोजन कॉलेजात बनत नाही. तो जनावरांच्या दवाखान्यातून आणायचा. तिथे वळूचं वीर्य त्यात ठेवतात, गाई फळवायला. तिथल्या भाऊंशी तिने ओळख करून घेतली होती, ते उरलेला द्यायचे. ती मोठा डबा ऑटोत घालून आणायची. दारातून आली की पोरं विचारायची, काय म्हणतात वळू? एकाने तर सरांसमोर विचारलं की तुझा प्रबंध झाल्यावर त्याला कोणता विभाग मान्यता देणार, फिजिक्स की पशुसंवर्धन. सर त्यावर खूप हसले. ती डबा खाली ठेवून पट्टा बांधायची आणि कामाला लागायची.

दोन वर्षांत सहापैकी पाच जोडण्या मेल्या. एक मुळातच मेलेली आली, दोन थंड-गरम होताना तुटल्या, दोन पोरांच्या हातून गेल्या. सहावी जिवंत होती आणि तिच्यातच पायरी दिसली. एकदा ऑक्टोबरात, एकदा दिवाळीनंतर. सर म्हणाले, दोनदा दिसलेल्या पायरीवर मी माझं नाव घालणार नाही, दर वेळी दिसली पाहिजे. मार्चमध्ये तिची फेलोशिप संपत होती. मुदत वाढवायची तर सरांची शिफारस लागत होती, आणि शिफारस सहाव्या जोडणीवर अडली होती. हे सगळं मला माहीत होतं. त्या मजल्यावर माझ्याइतकं नीट कोणाला माहीत नव्हतं.

जानेवारीतली गोष्ट आहे. नागपूरकडून एक पाहुणे प्राध्यापक येणार होते. सकाळी नऊ वाजता तिने जोडणी तपासली, वहीत आकडा लिहिला, मला दाखवला. जिवंत. जाताना तारांच्या तोंडांना टोप्या घातल्या, मीटर चालूच ठेवलं आणि नायट्रोजन आणायला गेली. एरवी तिच्यासोबत डब्याची दुसरी कडी धरायला मी जायचे. त्या दिवशी पाहुण्यांसाठी चहा होता म्हणून मी थांबले.

साडेदहाला सर पाहुण्यांना घेऊन आले. मी ट्रे घेऊन आत गेले. खोलीत आम्ही तिघंच. सरांना गरम झालं म्हणून त्यांनी लोकरीचा स्वेटर डोक्यावरून ओढून काढला. तडतड झालं, केस उभे राहिले, पाहुणे हसले. मग सर टेबलापाशी गेले आणि पाहुण्यांना दाखवण्यासाठी त्यांनी एका तारेची टोपी काढली आणि टोक बोटात धरलं. पट्टा खिळ्यावर लटकत होता. मी ट्रे धरून उभी होते. माझ्या तोंडापर्यंत शब्द आला होता, सर, अर्थ. एवढाच. तो बाहेर आला नाही.

चट असं वाजलं. इतकं बारीक की पाहुण्यांना ऐकूही आलं नसेल. मीटरवर आकडा होता तिथे नुसत्या आडव्या रेघा आल्या.

सरांनी रेघा पाहिल्या. मला त्यांचा चेहरा दिसत होता. त्यांना कळलं. त्यांनी टोपी परत घातली, शांतपणे, आणि पाहुण्यांना म्हणाले की थंड केल्याशिवाय यात बघण्यासारखं काही नाही, चला, चहा माझ्या केबिनमध्ये घेऊ. माझ्याकडे पाहून म्हणाले, ट्रे तिकडे आणा. गप्प राहा असं त्यांनी मला डोळ्यांनीसुद्धा सांगितलं नाही. मी खोलीत होते हे त्यांच्या हिशेबीच नव्हतं.

ती डबा घेऊन बारा वाजता आली. मी वऱ्हांड्यात कप धुवत होते. आतून मीटर बंद-चालू केल्याचा आवाज आला. मग ती दारात आली. "बाई, कोणी आलं होतं का?"

मी म्हटलं, सर आले होते, पाहुणे होते.

"कोणी हात लावला?"

मी कप धुवत राहिले. तेवढ्यात सर आले आणि सगळ्या पोरांसमोर तिला बोलले. बैलाच्या डब्याशी खेळून झालं की मग काम करतात का. रात्री बंद करताना टोप्या नीट लावल्या नसतील. ज्यांच्या घरी वीज आत्ता आत्ता आली त्यांच्या हातात असली गोष्ट दिली ही माझी चूक. ती म्हणाली, नऊ वाजताचा आकडा वहीत आहे सर. सर म्हणाले, वहीत काय, कोणीही काहीही लिहितं.

तिने प्राचार्यांकडे चौकशीचा अर्ज केला. तिच्यात ती हिंमत होती. चौकशीला तीन जणांची समिती बसली, प्राचार्यांच्या दालनात. सरही तिथेच बसले होते. मी बाहेर बाकावर होते, पाणी-चहासाठी. दार थोडं उघडं होतं, आतलं ऐकू येत होतं. तिने आकडा सांगितला, वेळ सांगितली. मग म्हणाली, "त्या वेळेस परिचर बाई खोलीत होत्या. त्याहिले विचारा. त्याहिले ह्या कामातलं सगळं समजते."

मला आत बोलावलं. चार खुर्च्या माझ्याकडे वळल्या. मी हात पदरात गुंडाळून घेतले. समितीतल्या बाईंनी गोड आवाजात विचारलं, घाबरू नका, त्या दिवशी खोलीत काय झालं, सरांनी यंत्राला हात लावला का?

मी बोलायच्या आधी सर म्हणाले, "अहो मॅडम, चौथी शिकलेली बाई आहे. तिला मीटर आणि मिक्सर यांतला फरक कळत नाही. टेबल पुसायला नको म्हणून दोन महिने पाटी वाचत बसली होती."

सगळे हसले. मुलगी हसली नाही, ती माझ्याकडे पाहत होती. ते हसणं ऐकून मला काय झालं ते मी इथे खरं लिहिते, कारण ही वही कोणाला दाखवायची नाही. मला बरं वाटलं. डोक्यावरचं ओझं कोणीतरी उतरवून घ्यावं तसं. नोकरीची भीती होती असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत राहिले. भीती होती, पण त्या क्षणी ती नव्हती. त्या क्षणी चार माणसांच्या नजरेतून निघायची वाट सापडली होती आणि ती सरांनीच दाखवली होती. मी पण थोडी हसले.

"मले नाई समजत जी त्यातलं काही," मी म्हटलं.

मॅडमनी मान हलवली, ठीक आहे म्हणाल्या. मी बाहेर येऊन बाकावर बसले.

थोड्या वेळाने ती बाहेर आली आणि माझ्या शेजारी बसली. समोर पोरं उभी होती, ऑफिसातले दोघं-तिघं होते. आत चहा चालला होता, दार तसंच अर्धं उघडं. मला वाटलं रडेल, शिव्या देईल. ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "हात लावला हे नाई सांगितलं, ते समजू शकतो बाई. पण समजत नाई असं काऊन म्हटलं?"

मी समोरच्या पोरांकडे पाहिलं.

"समजते का नाई समजत?"

"समजते."

"मग सांगा. मले सांगा."

मी हळू आवाजात सुरू केलं. ती म्हणाली, मोठ्यानं. मी मोठ्याने सांगितलं. दोन पट्ट्या, एक जाड, एक बारीक. मध्ये कार्बनची नळी. पहिली पट्टी एका तोंडाचे कण पाठवते, नळी त्यांना छेडत नाही, दुसरी पट्टी तोंड पाहून घेते. चुंबक फिरवलं की जाड आधी फिरते, मध्येच पायरी चढते, मग बारीक फिरते, पायरी उतरते. पोरं बोलायची थांबली होती. मी थांबले नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज मला वऱ्हांड्याच्या टोकावरून परत ऐकू येत होता. मी पुढे गेले. सरांनी स्वेटर काढला. टोपी काढली. पट्टा खिळ्यावर होता. चट वाजलं. आकडा गेला, रेघा आल्या.

सर दारात येऊन उभे होते. हातात कपबशी. त्यांच्या मागे समितीतल्या मॅडम. सर टाळी वाजवल्यासारखं बशीवर चमच्याने दोनदा वाजवून म्हणाले, "वा. पाच मिनिटांपूर्वी काही समजत नव्हतं. पाच मिनिटांत पाठ करून घेतलं की पोरीने."

पोरं हसली. मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांनी मुलीकडे ज्या संशयाच्या नजरेने पाहिलं ती नजर मला ओळखू आली. मी म्हटलं, नाही जी, खरं आहे. माझा आवाज पुन्हा होता तेवढा झाला होता. कोणी ऐकला नाही.

"एक शब्द चुकला नाई, बाई," ती म्हणाली आणि उठून गेली.

आठ दिवसांनी अहवाल आला. त्याची प्रत तिच्या हातात देऊन सही आणायचं काम माझंच होतं. जिन्यात थांबून मी तो वाचला. बोट ठेवून वाचावं लागलं, पण वाचला. निष्काळजीपणा सिद्ध होतो असं लिहिलं होतं. मुदतवाढीची शिफारस करता येत नाही असं लिहिलं होतं. आणि शेवटी एक ओळ होती, की संशोधक विद्यार्थिनीने एका अल्पशिक्षित महिला परिचरास पढवून तिच्याकडून वरिष्ठांविरुद्ध खोटी माहिती वदवून घेण्याचा प्रयत्न केला, ही बाब गंभीर आहे. मी आत खरं सांगितलं असतं तर ही ओळ आली नसती. बाहेरही गप्प राहिले असते तरी आली नसती. दोन्ही वेळा मी चुकीच्या बाजूला तोंड केलं.

ती खोलीत सामान भरत होती. एक पिशवी, एक पेटी, नायट्रोजनचा रिकामा डबा दवाखान्यात परत द्यायला बाजूला काढलेला. मी कागद पुढे केला. तिने उभ्यानेच वाचला. शेवटच्या ओळीवर तिचे डोळे थांबले ते मला दिसलं. मग तिने सही केली, तारीख घातली आणि पेन झाकण लावून मला परत दिलं. मी म्हटलं, पेटी मी खाली नेऊन देते. तिने पेटी स्वतःच उचलली.

चार वर्षं ती या गावात राहिली होती. दर महिन्याला एटापल्लीची बस धरायची. दारात थांबून तिने मला विचारलं, जसं कोणत्याही अनोळखी बाईला विचारावं तसं, "बाई, बस स्टँडले ऑटो कुठून भेटते?"

मी सांगितलं, फाटकाच्या बाहेर निघाल्यावर उजव्या हाताला.